कॉलेजातला कुठला क्वार्टरबॅक आपल्या टीमने घ्यावा? वादाला बसण्याआधीचा गृहपाठ

मार्च लागला की शिकागोच्या उपनगरांतल्या आमच्या मराठी घरांमध्ये जेवणं उरकल्यावर एकच विषय निघतो: यंदा कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, येणाऱ्या क्वार्टरबॅकांमध्ये (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंमध्ये) खरा दमाचा कोण? बाहेर बर्फ अजून वितळलेलं नसतं, चहा दुसऱ्यांदा गॅसवर चढतो, आणि ज्याने एखाद्या पोराचे दोन मिनिटांचे हायलाइट्स पाहिलेले असतात तो सगळ्यांत ठासून बोलतो. मीही बरीच वर्षं असाच बोलत होतो. २०१७ नंतर मात्र मला ते जमेनासं झालं.

त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडीत, आमच्या शिकागो बेअर्सकडे तिसरा पिक (निवडीचा क्रमांक) होता. एकच पायरी वर चढायला त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला तो तिसरा पिक, त्याच ड्राफ्टमधले आणखी दोन पिक आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतला पिक दिला, आणि नॉर्थ कॅरोलायनाचा मिच ट्रुबिस्की घेतला. पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला गेला. ट्रुबिस्कीने कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त १३ होते. हा आकडा तेव्हाही सगळ्यांसमोर होता, पण आमच्या दिवाणखान्यात कुणी त्याचा अर्थ विचारला नाही. मीही नाही.

त्यानंतर मी एक वही घातली. तिच्यातल्या सगळ्या रकान्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: मैदानावर जे दिसलं त्यातलं त्या मुलाचं स्वतःचं किती, आणि त्याच्यात जे कमी आहे ते आपली टीम भरून काढू शकते का? खाली जी पद्धत देतो आहे ती या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची आहे.

नव्याने खेळ पाहू लागलेल्यांसाठी आधी दोन गोष्टी. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात आणि मागच्या हंगामात जी टीम सगळ्यांत खाली राहिली तिला पहिली निवड मिळते. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाही ड्राफ्टमध्ये येता येत नाही. त्यामुळे आपण ज्यांच्यावर भांडतो ती एकवीस ते चोवीस वर्षांची पोरं असतात. बोलताना एवढं लक्षात असू द्यावं.

पहिलं काम: पोरगा बघण्याआधी स्वतःचं घर बघा

स्थळ पाहताना मुलीकडचे घर बघतात, माणसं बघतात. क्वार्टरबॅकच्या बाबतीत आपण उलटं करतो. मुलाची उंची, हात, पाय सगळं तपासतो आणि त्याला कुठल्या घरात पाठवतोय हे बघतच नाही.

२००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही नवी कोरी टीम उभी राहिली आणि तिने पहिल्या पिकवर डेव्हिड कार घेतला. पुढे उभी राहून त्याला वाचवणारी ऑफेन्सिव्ह लाइन इतकी कच्ची होती की पहिल्याच हंगामात त्याला ७६ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं. आजही तो विक्रम आहे. कारमध्ये काय दम होता हे त्या धुमश्चक्रीत कुणाला कधी नीट कळलंच नाही.

आमच्या घरचं उदाहरण ताजं आहे. २०२४ मध्ये बेअर्सनी पहिल्या पिकवर केलेब विल्यम्स घेतला आणि त्या हंगामात त्याला ६८ सॅक बसले. हंगाम चालू असतानाच मुख्य प्रशिक्षकाला काढलं गेलं. मग २०२५ च्या सुरुवातीला डेट्रॉइटचं आक्रमण घडवणारा बेन जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आला आणि जो थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन अशी तयार माणसं लाइनमध्ये उभी राहिली. पुढच्या हंगामात सॅक निम्म्याहून खाली आले आणि बेअर्सनी एनएफसी नॉर्थ हा आपला विभाग जिंकला. मुलगा तोच होता.

म्हणून वहीचं पहिलं पान आपल्या टीमचं. लाइनमधल्या पाच जणांपैकी पुढच्या दोन हंगामांत टिकतील असे किती? आक्रमणाची आखणी कोण करतो, आणि वर्षभराने तो इथेच असेल का? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण ज्या प्रशिक्षकाची खुर्ची हलतेय तो नवख्याला शिकवत बसत नाही, त्याला पुढचा रविवार जिंकायचा असतो. एक वर्ष मैदान सांभाळेल असा जाणता क्वार्टरबॅक टीममध्ये आहे का, तेही लिहा. महोम्स २०१७ चं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, फक्त शेवटचा सामना खेळला, आणि २०१८ मध्ये ५० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकून एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्याचं सगळं श्रेय त्या एका वर्षाला देता येणार नाही. पण ते वर्ष त्याला देऊ शकेल अशी टीम त्याला मिळाली, हे खरं.

दुसरं काम: पिकची किंमत मांडा

“तो आवडतो” आणि “त्याच्यासाठी एवढं द्यावं” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वादात ती सतत एकमेकांत मिसळतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजच्या जिमी जॉन्सनच्या काळात एक तक्ता तयार झाला. त्यात पहिल्या पिकला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९०. आज टीमकडे याहून सुधारित तक्ते आहेत, तरी घरच्या हिशेबाला हा पुरतो. कुणी म्हणालं की दहाव्यावरून पहिल्यावर चढूया, तर लगेच विचारा: मधले १७०० गुण कुठून आणणार?

२०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी ते आणले. बेअर्सकडून पहिला पिक घेताना त्यांनी नववा पिक, एकसष्टावा पिक, २०२४ चा पहिल्या फेरीतला पिक, २०२५ चा दुसऱ्या फेरीतला पिक आणि वर डीजे मूर हा त्यांचा सगळ्यांत चांगला रिसीव्हर दिला. घेतला ब्राइस यंग. म्हणजे मुलाला आणण्यासाठी ज्याच्याकडे त्याने चेंडू फेकायचा तोच माणूस देऊन टाकला. ती टीम २ विजय आणि १५ पराभवांवर संपली, त्यामुळे त्यांनी दिलेला २०२४ चा पिक पहिला ठरला, आणि त्यावरच आमच्याकडे केलेब विल्यम्स आला. ह्यूस्टनने काहीही न देता आपल्याच दुसऱ्या पिकवर सीजे स्ट्राउड घेतला आणि विभाग जिंकला.

पैशांचंही थोडं समजून घ्या. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला पहिला पिक म्हणून सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरांचा करार मिळाला. २०११ ला नवे नियम आले आणि कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख. तेव्हापासून नवख्याचा करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष टीमच्या मर्जीवर. क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो तो एवढाच काळ. वाचलेला पैसा लाइनवर आणि बचावफळीवर खर्च करायला टीम तयार आहे का, हेही पहिल्या पानावर जातं.

तिसरं काम: पूर्ण सामने बघा, आणि योग्य सामने बघा

सगळा वेळ इथे द्या. बाकीचं थोडं कमी झालं तरी चालेल.

एका मुलाचे किमान चार पूर्ण सामने बघा. एक त्याच्या वेळापत्रकातल्या सगळ्यांत कडक बचावाविरुद्धचा, एक हरलेला, एक चौथ्या क्वार्टरमध्ये मागे पडलेला. चौथा हवं तर त्याचा सगळ्यांत गाजलेला असू दे. दुबळ्या टीमला ५० गुणांनी धुतल्याचा सामना वहीत घेऊ नका.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे लांब पळणारे रिसीव्हर चौकटीबाहेर राहतात. म्हणून प्रत्येक रिप्ले थांबवून बघा. आणि सामना पहिल्यांदा बघताना चेंडूकडे बघूच नका, मुलाच्या हेल्मेटकडे बघा. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेला असेल तर त्याने एकच पर्याय वाचला. ते एकीकडून दुसरीकडे, मग मधे असं फिरलं आणि त्याबरोबर पायही फिरले, तर तो मैदान वाचतोय. एनएफएलमध्ये पहिला पर्याय बऱ्याचदा बंद असतो आणि हातात साधारण अडीच सेकंद असतात.

दुसऱ्यांदा बघताना फेक बघा. पास पूर्ण झाला म्हणजे अचूक होता असं नाही. पळत्या रिसीव्हरला वेग कमी न करता चेंडू हातात मिळाला का, की त्याला थांबून, मागे वळून, उडी मारून तो वाचवावा लागला? उत्तम रिसीव्हर वाईट फेकी पोटात घालतात आणि आकडेवारीत दोन्ही सारख्याच दिसतात. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटतो का, हेही टिपा. कॉलेजात मोकळा झालेला माणूस दिसल्यावर फेकलं तरी चालून जातं. वरच्या पातळीवर तो मोकळा होणार हे आधी कळावं लागतं.

कॉलेजच्या आणि एनएफएलच्या नियमांतला फरक चाहत्यांच्या वादात क्वचितच येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमधलं (खेळी सुरू करताना चेंडू ज्यांच्या आत ठेवतात त्या खुणांच्या रांगांमधलं) अंतर ४० फूट असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात चेंडू मैदानाच्या एका कडेला ठेवला जातो आणि पलीकडची बाजू फार लांब राहते. अशा वेळी लांबच्या हॅशवरून पलीकडच्या कडेला पंधरा यार्डांवर सपाट, जोरकस फेक कुणी मारली, तर ती ताकद त्याची स्वतःची. कॉलेजात रिसीव्हरचा एक पाय रेषेच्या आत असला की झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात. तेव्हा कडेवरचा प्रत्येक झेल पुन्हा बघा: हा वर गेल्यावर मोजला जाईल का?

तिसऱ्यांदा बघताना पाय बघा. दडपण आल्यावर मुलगा पॉकेटमध्ये (लाइनने त्याच्याभोवती राखलेल्या जागेत) एक पाऊल पुढे सरकतो की मागे मागे पळतो? नजर वरच राहते की अंगावर येणाऱ्या माणसावर खाली येते? मी सगळ्यांत जास्त वजन इथे देतो. लाइन सुधारता येते, पण दडपणात खाली जाणारी नजर वर आणायला फार वर्षं लागतात.

वहीत माझे रकाने असे आहेत:

- डाउन आणि यार्ड, म्हणजे दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा आणि किती यार्ड बाकी (तिसरा डाउन आणि सातपेक्षा जास्त असेल तर लाल शाई)
- पहिला पर्याय की पुढचा
- दडपण होतं का
- फेक जागेवर होती का (झेल झाला का, हा वेगळा रकाना)
- “त्याचं” की “दिलेलं”

शेवटचा रकाना समजावून सांगतो. स्क्रीन पास (लाइनच्या मागेच दिलेली छोटी फेक), आखणीमुळे पूर्ण मोकळा सुटलेला रिसीव्हर, दोन यार्डांची फेक आणि पुढे रिसीव्हरने पळून काढलेले चाळीस यार्ड, हे सगळं “दिलेलं”. बचावपटू अंगाला चिकटलेला असताना खांद्यावरून टाकलेला चेंडू, किंवा लाइन कोसळल्यावर बाहेर निघून काढलेला पहिला डाउन, हे “त्याचं”. चार सामन्यांनंतर दोन्हींची बेरीज करा. दोन मुलांची पास पूर्ण करण्याची टक्केवारी सारखी असते आणि ही बेरीज मात्र अगदी वेगळी निघते, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

आकडे: कुठले धरायचे

पहिला, कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने. ट्रुबिस्की १३. २०२३ चा अँथनी रिचर्डसन १३. सॅन फ्रान्सिस्कोने ज्याच्यासाठी पहिल्या फेरीतले तीन पिक घातले तो ट्रे लान्स १७. दुसऱ्या टोकाला जेडन डॅनियल्स ५५ आणि बो निक्स ६१. कॅम न्यूटनसारखा एकाच मोठ्या हंगामावर आलेला मुलगा पुढे एमव्हीपी झालाही आहे, म्हणून हा आकडा निकाल देत नाही. तो फक्त सांगतो की आपल्याकडे पुरावा किती आहे. पुरावा थोडा असेल तर बोली थोडी लावा.

लान्सची गोष्ट पुढेही आहे. त्याच टीमने २०२२ च्या ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२ वा पिक वापरून ब्रॉक पर्डी घेतला. आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळून आलेला. त्याने त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं.

दुसरा, दडपणाखालच्या किती खेळ्या सॅकमध्ये संपल्या. हा दोष मुलाबरोबर कॉलेजातून वर येतो, कारण चेंडू किती वेळ धरायचा ते तो ठरवतो. विल्यम्सच्या ६८ सॅकमध्ये सगळा वाटा लाइनचा नव्हता, थोडा त्याच्या या सवयीचाही होता. एक खबरदारी घ्या: कॉलेजच्या आकडेवारीत सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये तसं होत नाही. त्यामुळे पळणाऱ्या मुलाचे कॉलेजातले धावेचे आकडे खऱ्यापेक्षा कमी दिसतात.

तिसरा, आकडा कुणाच्या संगतीत झाला. मॅक जोन्सने २०२० मध्ये अलाबामासाठी ७७.४ टक्के पास पूर्ण केले. त्याच्या आक्रमणातले डेव्हॉन्टा स्मिथ, जेलन वॉडल, नाजी हॅरिस आणि ॲलेक्स लेदरवुड असे चौघे त्याच्याबरोबर २०२१ च्या पहिल्या फेरीत गेले. झॅक विल्सनने २०२० चा हंगाम करोनामुळे बदललेल्या, बऱ्याच सोप्या वेळापत्रकात गाजवला. जेट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तीन वर्षांत सोडलं. संगत चांगली म्हणून मुलगा वाईट ठरत नाही. जो बरोच्या बाजूलाही जमार चेस आणि जस्टिन जेफरसन होते, पण त्याच्या फेकी अरुंद फटींतून जात होत्या. आकडे कुठे बघायचं ते सांगतात, बघावं आपल्यालाच लागतं.

मापं दोन मिनिटांत आटपा. ड्रू ब्रीज सहा फुटांचा, दुसऱ्या फेरीत गेला. बरोचा पंजा ९ इंचांचा म्हणून ओरड झाली. टॉम ब्रेडी ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला आणि १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. खूप कमी उंची किंवा हलकं शरीर असेल तर तेवढी नोंद करा आणि पुढे जा.

बोलताना जपायचे शब्द

इथे मी आग्रही आहे. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला “कच्चा पण चपळ” आणि गोऱ्याला “हुशार, खेळ जाणणारा” म्हणायची या खेळाला जुनी खोड आहे, आणि बाहेरून आलेले आपण ती ऐकून ऐकून उचलतो. वॉरन मूनला १९७८ मध्ये कुणीही निवडलं नाही. तो कॅनडात एडमंटनकडून खेळला, पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकले, मग एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावं असा सल्ला जाणत्या लोकांनी जाहीरपणे दिला. तो बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि २०१९ मध्ये एकमताने एमव्हीपी झाला. म्हणून आमच्या घरी नियम आहे: विशेषण वापरलंत की सामना आणि क्वार्टर सांगायचा. “हुशार आहे” म्हणालात तर त्याने लाइनवर उभं राहून कुठली खेळी बदलली ते दाखवा.

स्वतःच्या कॉलेजाचा लळाही असाच तपासून घ्यावा. पर्ड्यूला एमएस केलेल्याला पर्ड्यूचा मुलगा दोन पायऱ्या वरचा वाटणारच. वाटू दे, पण त्या मुलाचे सामने दुसऱ्या कुणाला तरी बघायला द्या.

एप्रिलमधल्या बातम्यांवर मत बदलू नका. टीम या काळात मुद्दाम धूर सोडतात. २०२५ मध्ये शेडूर सँडर्स पहिल्या फेरीत जाणार असं महिनोन्‌महिने सांगितलं जात होतं. तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर गेला. तुमची यादी मार्चअखेर बंद झाली पाहिजे.

वादाची बैठक

ड्राफ्टच्या आदल्या शनिवारी बसा. प्रत्येकाने आधी आपलं मत कागदावर लिहून घडी घालायची, बोलणं नंतर. नाहीतर पहिला जो बोलतो त्याच्यामागे अर्धी खोली जाते. एक-दोन-तीन असे क्रम लिहू नका, थर लिहा: याच्यासाठी वर चढू, हा आपल्या पिकवर चालेल, हा दुसऱ्या फेरीत मिळाला तर घेऊ. प्रत्येक नावाखाली एक ओळ: “अमुक दिसलं तर माझं मत चुकलं असं मी मानेन.” ही ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याने त्या मुलाचे सामने अजून पुरेसे पाहिलेले नाहीत.

मग ते कागद तीन वर्षं ठेवून द्या. एका हंगामावर उघडू नका. पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने झेललेले पास) दिले आणि त्याची टीम १३ सामने हरली. तेव्हा कागद उघडले असते तर सगळ्यांनी चूक धडा घेतला असता.

माझा २०१८ चा कागद मी २०२१ मध्ये उघडला. जोश ॲलन माझ्या सगळ्यांत खालच्या थरात होता. वायोमिंगमध्ये त्याने ५६ टक्के पास पूर्ण केले होते, आणि अचूकता शिकवता येत नाही असं मी ठाम लिहिलं होतं. बफेलोमध्ये त्याची टक्केवारी ५२.८ वरून ५८.८ आणि तिसऱ्या वर्षी ६९.२ झाली. त्याच्या पायांच्या ठेवणीवर काम झालं, आखणी तीन वर्षं ब्रायन डेबॉलच्याच हातात राहिली, आणि तिसऱ्या वर्षी स्टेफॉन डिग्ज आला. मी मुलगा नीट पाहिला होता, घर पाहिलंच नव्हतं. टीमचं पान वहीत तोवर शेवटी असायचं. त्या रात्री मी ते फाडून पुढे चिकटवलं.